नटावरची पिवळी रेघ

रेघोजीचा पाय मोडला तेव्हा घरच्यांना पायाची काळजी नव्हती. हाडं काय, डॉक्टरांनी सळई घातली होती, जुळली असती. धास्ती होती ती वेगळीच. हा माणूस आता दोन महिने घरात बसणार, आणि बसल्या जागी ह्याचं डोकं मोकाट सुटणार, त्याला लगाम कोण घालणार?

रेघोजी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो लिफ्टचा मेकॅनिक, आणि हे नाव कंपनीतल्या लोकांनी ठेवलेलं. लिफ्टच्या कामात एक पद्धत असते. नट आवळून झाला की पिवळ्या रंगाच्या पेनानं नटावरून खालच्या पत्र्यावर एक रेघ ओढायची. पुढे नट जरा जरी फिरला की रेघ मधेच तुटलेली दिसते, बॅटरी मारून लांबून बघितलं तरी कळतं. रेघ सगळेच ओढतात, पण ह्याच्यासारखी कोणी नाही. चांगली बोटभर लांब, आणि शेवटाला एक बारीक आकडा. कामावर कोणी नवा माणूस आला की त्याला पुढ्यात बसवून हा भाषण ठोकायचा. "रेघ म्हणजे शब्द. आवळल्याशिवाय रेघ ओढलीस तर तो खोटा शब्द. अरे, ढिला सोडलेला नट परवडला, तो दुसऱ्याला दिसतो तरी. वर रेघ असली की कोणी बघतसुद्धा नाही." लोक जांभया द्यायचे, पण ऐकायचे. बिनरेघेची कामं करणारी माणसं खाली पडलेली सगळ्यांनीच पाहिली होती.

घरी मात्र हे भाषण त्यानं कधी केलं नाही. घरी फक्त रेघा होत्या. पंख्याच्या नटावर, नळाच्या चकतीवर, शिवणयंत्राच्या पायावर, आणि मोटरसायकलवर तर नखशिखांत. बायकोनं लग्नानंतर एकदा विचारलं होतं, तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, "कोणी हात लावला की मला कळतं." बास. तेव्हापासून बायकोच्या लेखी त्या रेघा म्हणजे नवऱ्याच्या संशयाच्या खुणा, आणि तिचं काही अगदीच चुकत होतं असंही नाही. पंखा पुसला तरी हा विचारायचा, कोण चढलं होतं, कशावर चढलं होतं, नटाला धक्का लागला का. ती बिचारी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानात दिवसभर मान मोडून काम करून यायची, आणि आल्यावर ही उलटतपासणी.

अपघात झाला तो मंगळवारी संध्याकाळी, पाण्याच्या टाकीकडून खाली येणाऱ्या उतारावर. पुढे एक टेम्पो थांबला, ह्यानं मागचा ब्रेक दाबला. एवढं आठवत होतं. नंतर कड् असा आवाज, मागचं चाक जाम, आणि डोळे उघडले ते दवाखान्यात. उशाशी धाकटा भाऊ उभा होता. बोलायला तोंड उघडायच्या आत भावानं सांगून टाकलं, "रस्त्यावर तेल सांडलं होतं, दादा. घसरलास तू."

रेघोजीनं तेव्हा मान हलवली. पण घरी आल्यावर, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत खिडकीशी पाय उशीवर टाकून पडल्यापडल्या त्याच्या मनात पाल चुकचुकायला लागली. विचारलं नसताना सांगायची एवढी घाई कशाला? आणि तेलावरून घसरताना कड् आवाज होतो का कुठे?

धाकटा त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. घरात त्याला बाळ्या म्हणतात, आता चाळिशीला टेकला तरी बाळ्याच. त्याच इमारतीत तळमजल्यावर एकटा राहतो. कामही त्याच कंपनीत, आणि नुसतं त्याच कंपनीत नाही, तर अकरा वर्षं ह्या दोघांची जोडी. लिफ्टचं काम एकट्याचं नसतंच. एक जण लिफ्टच्या टपावर अंधारात उभा राहतो, दुसरा वरच्या खोलीत यंत्रापाशी. टपावरच्यानं ओरडून सांगितल्याशिवाय वरच्यानं बटणाला बोट लावायचं नाही. लावलं, तर खालच्याचं काय होईल ते सांगायची गरज नाही. टपावर नेहमी रेघोजी, बटणावर नेहमी बाळ्या. अकरा वर्षं ते बोट एकदाही चुकलं नव्हतं.

म्हणून तर त्याला जास्त लागत होतं. बाळ्याचं वागणं बदललं होतं. रोज संध्याकाळी यायचा, औषधं आणायचा, वहिनीला भाजी आणून द्यायचा, सगळं करायचा, पण गाडीचा विषय काढला की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प.

"गाडी कुठे आहे रे?"

"आहे खाली. जिन्याखालच्या खोलीत. झाकून ठेवलीय."

"फोटो काढून आण की एक."

"फोनचा कॅमेरा बिघडलाय."

दुसऱ्या दिवशी त्याच फोनवर बाळ्या वहिनीला कसलासा फोटो दाखवत होता. रेघोजीनं पाहिलं. फक्त मनात नोंद केली. त्यानं गॅरेजवाल्याला बोलवायला सांगितलं, तर बाळ्या म्हणाला, गॅरेजवाला गावाला गेलाय. आठ दिवसांनी पुन्हा सांगितलं, तर म्हणाला, "दादा, कशाला त्या सांगाड्यात जीव अडकवतोस? भंगारात देऊन टाकू."

भंगारात! पंधरा वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळलेली गाडी, आणि ती न दाखवता भंगारात. जिन्याखालच्या खोलीची किल्लीही बाळ्याच्याच खिशात. रेघोजी पडल्यापडल्या एकेक गोष्ट जोडत बसला, आणि ज्याला जोडायचंच असतं त्याला सगळं जोडता येतं. अपघाताच्या पंधरा दिवस आधी त्यानं बाळ्याला साहेबांसमोर झापलं होतं. बाळ्या त्या दिवशी जेवला नव्हता. शिवाय आता दादा घरात, म्हणजे मोठ्या कामांवर बाळ्याच पुढे. हे मनात आलं तेव्हा त्याची त्यालाच शरम वाटली, पण एकदा मनात आलेलं परत थोडंच जातं?

सातव्या आठवड्यात प्लास्टर निघालं आणि कुबड्या आल्या. डॉक्टर म्हणाले, अजून तीन आठवड्यांनी हलकं काम करायला हरकत नाही. त्याच शुक्रवारी साहेबांचा कागद आला. वर्षातून एकदा येतो तसला, जोडीचा कागद. वर स्वतःचं नाव लिहायचं, खाली जोडीदाराचं. जोडीदार बदलायचा असेल तर कारण लिहायचं, आणि सोमवारी पाठवून द्यायचा. कागद घेऊन आला बाळ्याच. पाकीट त्याच्या हातात देऊन म्हणाला, "भरून ठेव, मी नेतो सोमवारी." आणि जाता जाता दारातून, जसं काही आत्ताच आठवलं असं दाखवत, "भंगारवाला रविवारी सकाळी येतोय. बोललोय मी त्याच्याशी."

रेघोजीनं त्या दिवशी अर्धं जेवण ताटात तसंच ठेवलं. बायको म्हणाली, "पाय दुखतोय का?" तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "मग चेहरा असा का?" तो म्हणाला, "हा माझा चेहराच आहे."

पण त्याचं ठरलं होतं. टपावर उभं राहायचं तर ज्याच्या बोटावर आपला जीव, तो माणूस आपल्याशी खरं बोलतो की नाही हे आधी कळायला हवं. आणि ते कळण्याची जागा तीन मजले खाली, कुलपात होती, फक्त रविवारपर्यंत.

शनिवारी दुपारी बायको दुकानात, बाळ्या कामावर. रेघोजीनं खिशात बॅटरी टाकली, स्क्रूड्रायव्हर टाकला, कुबड्या दोरीनं पाठीला बांधल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. आता ह्याला दैवाची थट्टा म्हणा नाहीतर काय म्हणा, जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टा दुरुस्त करणारा हा माणूस ज्या इमारतीत राहत होता तिला लिफ्टच नव्हती. चोपन्न पायऱ्या. एकेक पायरी बसूनच उतरायची, मोडका पाय पुढे धरून.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय हो, काही पडलंय का?"

"हो. मी."

"असं होय," म्हणून त्या पुन्हा तांदळाकडे वळल्या.

खाली पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. कुलूप चांगलं दणकट होतं, पण ते ज्या कोयंड्यात होतं त्याचे चार स्क्रू बाहेरून होते. कुलूपवाल्यांना हे कधी कळणार कोण जाणे. चार स्क्रू काढले, दार ढकललं, आणि निळं कापड ओढलं.

खाली त्याची गाडी. दिवा फुटलेला, हँडल वाकडं, टाकीला एका बाजूनं पोचा. पण तो रडायला आला नव्हता. जमिनीवर बसला, बॅटरी पेटवली आणि मागच्या चाकापाशी सरकला.

मागच्या ब्रेकला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. ब्रेक दाबला की चाकाबरोबर तोही गरगर फिरू नये म्हणून ती पट्टी त्याला जखडून ठेवते. एका बोल्टनं, एका नटानं. ती पट्टी लोंबत होती. बोल्ट नव्हता, नट नव्हता. ब्रेक दाबल्याबरोबर सगळं फिरलं, दांडी पिळवटली आणि चाक जाम झालं. कड्. तेल नाही, घसरणं नाही, काही नाही. नट पडला होता.

आणि नट पडला म्हणजे तो आवळलेला नव्हता. पण ज्या ठिकाणी तो बसतो तिथे, ब्रेकच्या पत्र्यावर, पिवळ्या रेघेचा अर्धा तुकडा शिल्लक होता. उरलेला अर्धा नटाबरोबर गेला. रेघोजीनं बॅटरी जवळ नेली. ही रेघ त्याची नव्हती. त्याच्या रेघेला आकडा असतो, हिला नव्हता. सरळ, आखूड, शेवट स्वच्छ कापलेला. चाकाच्या मोठ्या नटावर तशीच. साखळीच्या दोन्ही बाजूंना तशीच. कोणीतरी चाक काढलं होतं, परत बसवलं होतं, आणि त्याच्या रेघा पुसून त्याच जागी अगदी जपून नव्या ओढल्या होत्या. त्याला कळू नये म्हणून.

पिवळा पेन कोणाकडे असतो? त्याच्याकडे आणि बाळ्याकडे.

तो तसाच बसून होता. दाराशी पावलं वाजली. शनिवारी अर्धा दिवस असतो हे तो विसरलाच होता.

"दादा," बाळ्या म्हणाला. त्यानं उघडा कोयंडा पाहिला, बॅटरी कुठे धरलीय ते पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोणी ओढली ही रेघ?"

बाळ्या वाकून कोयंड्याचे सुटे स्क्रू उचलू लागला.

"तुला विचारतोय. ही माझी नाही. कोणी ओढली?"

बाळ्यानं दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाला, "मी."

"नट आवळला होतास?"

"विसरलो असेन."

"विसरलास." रेघोजीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "विसरलास आणि वर रेघ ओढलीस. मी रोज सकाळी त्या रेघेकडे बघून गाडीवर बसत होतो. कधी काढलं होतंस चाक?"

"आदल्या दिवशी. सोमवारी."

रेघोजीनं वर पाहिलं. सोमवारी गाडी दिवसभर त्याच्याजवळ होती, आणि बाळ्या रजा टाकून दात काढायला गेला होता. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन कामावर आला होता, लोक हसले होते. म्हणजे कबूल करतानाही हा खोटं बोलतोय. दिवससुद्धा खरा सांगत नाही. का? त्यानं ते तोंडावर आणलं नाही, मनात गाठ मारून ठेवली.

"दोन महिने मला तेल तेल म्हणून झुलवलंस. वर गाडी भंगारात घालायला निघालास. मी मेलो असतो तर त्या साहेबांनाही तेलच सांगितलं असतंस ना?"

बाळ्याचे डोळे भरले, पण तो एवढंच म्हणाला, "चल, वर चल. पाठीवर बस."

"मी नाही बसत तुझ्या पाठीवर."

"मग काय इथेच राहणार? वहिनी यायच्या आत वर चल, दादा. पाया पडतो तुझ्या."

चोपन्न पायऱ्या बसून चढता येत नाहीत. शेवटी बसावं लागलं. बाळ्या वाकून, जिन्याचा कठडा धरत एकेक पायरी चढत होता. त्याच्या मानेवर घाम आला होता. रेघोजीचे दोन्ही हात त्याच्या गळ्यात, आणि मनात काय आलं असेल? ह्यानं आत्ता हात सोडला तर? खरोखर आलं. भावाच्या पाठीवर बसून त्याला हे सुचलं, आणि ते सुचलं म्हणून त्याला स्वतःचा इतका राग आला की त्यानं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या मजल्यावर काकूंनी विचारलं, "उचललं का?"

बाळ्यानं त्याला खाटेवर ठेवलं, पायाखाली उशी सरकवली आणि पाणी न पिता निघून गेला.

रेघोजीनं साहेबांचा कागद पुढ्यात घेतला. जोडीदाराच्या रकान्यात 'बदलून हवा' असं लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबला. इथे काय लिहिलं म्हणजे काय होईल, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? 'आवळल्याशिवाय रेघ ओढली' एवढे तीन शब्द कंपनीत गेले की बाळ्याबरोबर एकही माणूस टपावर उभा राहणार नाही. त्याला दुसरं कामच येत नाही. धाकट्या भावाला ह्यानेच हाताला धरून ह्या कामात आणलं होतं, आई गेली त्या वर्षी.

त्यानं ते तीन शब्द लिहिले. मग कागद पालथा घालून त्यावर हात ठेवून बसला. कुठेतरी पाणी मुरतंय असं राहून राहून वाटत होतं. सोमवार का म्हणाला? ज्यानं एवढं मोठं कबूल केलं तो दिवसाबद्दल खोटं का बोलेल? चाक नक्की कधी काढलं, कोणासमोर काढलं, आणखी काय काय उघडलं? अर्धवट सोडायचं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

सहाला बायको आली. गळ्यात मोजायची फीत तशीच, दुकानातून निघताना काढायची राहिलेली. तिनं ह्याच्या पँटवरची धूळ पाहिली.

"हे काय? कुठे गेला होतात?"

"कुठे जाणार? खाटेखाली पेन पडला होता."

तिनं संशयानं पाहिलं, पण दमली होती. चहा ठेवला, दोन कप आणले आणि समोर बसली. रेघोजीनं शक्य तितक्या सहज विचारलं, "अगं, अपघाताच्या आधी बाळ्या गाडी घेऊन गेला होता का गं कधी? सोमवारी वगैरे?"

"भावजी? नाही बाई. ते कशाला नेतील, तुमच्या गाडीला हात लावायची कोणाची छाती आहे?" मग ती थांबली, आणि गालात हसली. "आता सांगायला हरकत नाही म्हणा. गाडीच राहिली नाही. मी नेली होती."

"तू?"

"ओरडायचं नाही हं. बुधवारी. तुम्ही कंपनीच्या गाडीनं गेला होतात. मला कापडाच्या गठ्ठ्यासाठी बाजारात जायचं होतं, बस काही येईना. म्हटलं, एवढी दारात उभी आहे. गेले. आणि येताना मागचं चाक बसलं."

रेघोजीनं कप खाली ठेवला.

"पंक्चरवाल्यानं चाक काढलं तशी माझी पाचावर धारण बसली. त्याच्या त्या तेलकट हातांनी तुमच्या सगळ्या रेघा पुसल्या गेल्या. म्हटलं, झालं. आता घरी गेल्यावर महिनाभर खटला चालणार. कुठे पंक्चर झालं, कोण होता तो, किती वाजता, तू कुठे उभी होतीस, त्यानं अजून कशाला हात लावला. खरंच सांगते, त्या चौकशीपेक्षा चालत आले असते तर बरं, असं वाटलं. मग सुचलं. भावजी त्या दिवशी तुमच्या आधी घरी आले होते, त्यांच्याकडून पिवळा पेन मागून आणला. त्यांना कशाला ते सांगितलं नाही. आणि जिथे जिथे तुमची रेघ होती ना, तिथे तिथे बसून ओढली. अर्धा तास लागला. रोज कापडावर खडूनं ओढते मी, हात सरळ आहे माझा."

तिचा चेहरा खुलला होता. किती दिवसांनी ती अशी हसून बोलत होती.

"तुम्ही रोज सकाळी गाडीला फेरी मारून बघायचात, आणि मी वर खिडकीत उभी. सहा दिवस! रोज वाटायचं, आज पकडणार. आणि तुम्ही आपले बघून बसायचात आणि जायचात. मला इतकं हसू यायचं. कळलंच नाही ना तुम्हाला?"

पंक्चरवाल्यानं ढिला सोडलेल्या नटावर हिनं रेघ ओढली होती. सहा सकाळी. सहा सकाळी त्यानं रेघ आहे का ते पाहिलं होतं, एकदाही खाली वाकून नटाला बोट लावलं नव्हतं. आकडा नव्हता तोही दिसला नव्हता. आणि ही वरून हसत होती. आपण ह्या बाईला इतकं भिववून ठेवलंय की एक पंक्चर झालं ते सांगायची हिला सोय राहिली नाही. पाय मोडला त्याचं काही वाटू नये इतकं त्याला ते लागलं. आणि बाळ्या! त्यानं गाडी उचलून आणली त्याच दिवशी ती रेघ पाहिली असणार. पेन कोणी नेला होता ते त्याला ठाऊक. दोन महिने तो हे पोटात घेऊन रोज ह्या खोलीत आला, वहिनीच्या हातचा चहा प्यायला, आणि आज 'मी' म्हणाला.

"नाही कळलं," रेघोजी म्हणाला.

"बघा. आणि म्हणे कोणी हात लावला की मला कळतं." ती कप घ्यायला वाकली. "पण तुम्ही भावजींचं का विचारत होतात?"

"उगाच. कामाचा कागद भरायचाय, जोडीचा. जुनं जुनं आठवत बसलो होतो."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज सुरू झाला तसा त्यानं कागद फाडला, चार तुकडे केले, तुकडे खिशात घातले. आधी साहेबांना फोन लावला.

"साहेब, तो कागद फाटला. लिहून घ्या, जोडी जुनीच."

"फाटला कसा?"

"मीच फाडला. जोडी जुनीच, साहेब."

मग बाळ्याला. घंटा बरीच वाजल्यावर त्यानं उचलला.

"सोमवार नव्हता," रेघोजी हळू आवाजात म्हणाला. "बुधवार होता."

बाळ्यानं घाईनं विचारलं, "वहिनीला कळलं?"

"नाही. तिला वाटतंय माझी गंमत केली."

"मग कळू देऊ नकोस, दादा. ती उभी राहणार नाही पुन्हा."

"भंगारवाल्याला उद्या कशाला, आत्ताच बोलाव. ती पट्टी आधी काढून घे." तो थांबला. "बाळ्या, मी तुझ्याबद्दल काय काय विचार केला ते तुला सांगू शकत नाही. मला माफ कर."

"पाय वर ठेव," बाळ्या म्हणाला. "चढताना सुजला असेल." आणि फोन ठेवला.

बायको हात पुसत बाहेर आली आणि खाटेच्या कडेला बसली. खाली जिन्याजवळ लोखंड ओढत नेल्याचा आवाज येत होता. ती खिडकीकडे जायला उठणार तेवढ्यात रेघोजीनं तिचा हात धरला. असा हात धरायची त्याला सवय नव्हती, तिलाही नव्हती. ती परत बसली.

"वाईट वाटतंय ना गाडीचं?" ती म्हणाली. "घेऊ हो नवी. आणि नवीवर रेघा मी ओढणार, आत्ताच सांगून ठेवते. तुमच्यापेक्षा माझ्या सरळ येतात."

"ओढ."

"पण एक सांगा." तिनं गळ्यातली फीत काढून बोटाला गुंडाळली. "ती रेघ असते कशाला हो? खरंच नुसतं कोणी हात लावला ते कळायला? त्या दिवशी ओढताना मला मधेच वाटलं होतं, ह्याला काहीतरी रीत असणार, आधी काही बघायचं असणार. विचारावं एकदा तुम्हाला, असं मनात आलं होतं."

वीस वर्षं जे भाषण त्यानं प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं होतं, ते शब्दन् शब्द त्याच्या ओठांवर आलं. ती त्याच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

"काही नाही गं," रेघोजी म्हणाला. "सवय असते आम्हा लोकांना. त्या रेघेला काही अर्थ नसतो."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि दिवा लावायला उठली.